कुडव्याचा समुद्र

समुद्राला दम देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. समुद्र म्हणजे खराखुरा, खारा, पोवळ्यांचा आणि माशांचा समुद्र. तो गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, पूर्वी जिथे शोकेस होती तिथे लोखंडी स्टँडवर, काचेच्या टाकीत ठेवलेला आहे. लांबीला शाळेतल्या बाकाएवढा, आणि खोल इतका की तळाला हात लावायचा तर बाही खांद्यापर्यंत सारावी लागते. सकाळी उठल्यावर, दात घासण्याच्याही आधी, हा माणूस कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा राहतो आणि विचारतो, "काऊन रे, आज गढूळ काऊन दिसून राहिला?" समुद्र काही बोलत नाही. "नको बोलू. आंघोळ करून येतो, मंग पाहतो तुले," असे बजावून ते ब्रश शोधायला जातात.

त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. घरात सगळे तिला ताई म्हणतात. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजी म्हणतो, आणि ते मला 'साडभाऊ' अशी हाक मारतात, जणू ते एखादे सरकारी पद आहे आणि माझी नेमणूक त्यांनीच केली आहे. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून माझ्याविषयी त्यांना थोडी कीव आहे. त्यांचे स्वतःचे दुकान कुडव्याच्या नाक्यावर आहे. शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, आतली तार काढून टाकायची आणि नवी तांब्याची तार भरून द्यायची, हा धंदा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांच्या दुकानासमोर मोटारी अशा ओळीने पडलेल्या असतात की दवाखानाच वाटावा, आणि भाऊजी त्यांच्यामधून हातात टेस्टर घेऊन फिरत प्रत्येकीच्या मालकाला सांगतात, "वाचते. पन दोन दिवस लागतीन."

इथे न जगणाऱ्या गोष्टी इथे जगवून दाखवायच्या, ही त्यांची जन्माची खोड. आधी त्यांनी अंगणात सफरचंदाचे झाड लावले. ते दर उन्हाळ्यात मेले आणि दर पावसाळ्यात त्यांनी नवे आणले. मग लोकरीचे ससे पाळले. मे महिन्यात त्या सशांची जीभ बाहेर आलेली पाहून भाऊजींनी नाक्यावरच्या न्हाव्याला घरी बोलावले आणि सगळ्यांची हजामत करून घेतली. न्हावी अजून ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो आणि गिऱ्हाइकांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. एवढे तलाव असलेल्या जिल्ह्यात माशांची हौस कोणालाही सुखाने भागवता आली असती. ढीवराकडून चार मासे आणा, टाकीत सोडा, मुरमुरे टाका, झाले. पण जे सुखाने होते त्यात भाऊजींना रस नाही. त्यांना समुद्रच पाहिजे होता. का पाहिजे होता ते पुढे सांगतो, कारण मला स्वतःलाच ते फार उशिरा समजले.

आता समुद्र म्हणजे मीठ आले. हे मीठ नागपूरहून पोत्याने येते. पहिले पोते आले तेव्हा शेजारच्या काकू घरून पुडाभर मीठ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माय व, संपलं होतं तं मागून घ्यायचं ना." भाऊजींनी त्यांना बसवून समुद्राच्या मिठात आणि वरणाच्या मिठात काय काय फरक असतो ते समजावून सांगितले. काकू तेव्हापासून मीठ मागायलाही येत नाहीत. खारटपणा मोजायला त्यांच्याकडे छोट्या दुर्बिणीसारखी एक नळी आहे. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून पाहायचे. ती नळी नेहमी खिशात असल्यामुळे लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढला की त्याचाही थेंब तिच्यावर पडतो. एकदा वरपित्याच्या देखत ते पंगतीतून ओरडले, "साडभाऊ, मठ्ठा पिऊ नका, ह्याच्यात समुद्रातला मासा जगन!" वरपिता हिंदी बोलणारा होता. त्याला ती तारीफ वाटली आणि त्याने आणखी दोन ग्लास पाठवले.

माशांशी मात्र ते अदबीने वागतात. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी आहे, त्यातली मोठी ती मादी. तिला ते मॅडम म्हणतात आणि तिच्या मागे मागे फिरणाऱ्या नराला साहेब. "घर मॅडमचं आहे. साहेब फक्त राहून राहिला," असे ते पाहुण्यांना सांगतात आणि स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणतात. एक खेकडा दर थोड्या दिवसांनी जुना शंख सोडून नव्या शंखात राहायला जातो, त्याचे नाव किरायदार. आणि पोवळ्यांमध्ये एक फिकट गुलाबी झुपका आहे, ज्याच्या टोकाटोकाला बोटांसारख्या पाकळ्या दिवसभर आपोआप मिटतात आणि उघडतात. इवल्या मुठी कोणी उघडमिट करत बसावे तसे. ते पाहायला लागले की माणूस कामधाम विसरतो. मी शाळेच्या उत्तरपत्रिका तिथे तपासायला नेल्या होत्या, त्या तशाच परत आणल्या.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. आमच्याकडे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटते, आणि समुद्राला पाहिजे पंचवीस-सव्वीस डिग्री. भाऊजींनी टाकीवर दोन पंखे बसवले. पंख्याने पाणी उडते आणि उडता उडता थंड होते. पण कूलर लावला की हवा ओली होते, ओल्या हवेत पाणी उडत नाही, म्हणून बैठकीत कूलर बंद. एरवी माणसे उन्हाळ्यात ज्याच्या घरी कूलर आहे त्याच्याकडे जातात. भाऊजींकडे आलेले पाहुणे घामाने निथळत बसतात आणि समोर दोन मासे दोन पंख्यांखाली हवा खातात. मी एकदा धीर करून म्हटले, "भाऊजी, एक पंखा जरा इकडे वळवला तर?" ते म्हणाले, "तुमाले घाम येते ना? मंग त्यायले येते का? नाही येत. मंग पंख्याची गरज कोनाले?" या युक्तिवादाला उत्तर आहे हे मला माहीत आहे, पण अजून सापडलेले नाही.

लाइट गेली की साऱ्या कॉलनीत लोक "लाइट गेली" म्हणतात. भाऊजी "ऑक्सिजन गेला!" म्हणून ओरडतात. मग इन्व्हर्टरवर समुद्र चालतो आणि ताई अंधारात भाकरी थापतात. गल्लीतल्या प्रत्येक फ्रीजमध्ये यांच्या नावाची पाण्याची एकेक बाटली गोठवून ठेवलेली असते. फार वेळ लाइट आली नाही की त्या बाटल्या गोळा करून टाकीत तरंगत सोडायच्या. शेजारी आधी हसायचे, आता लाइट गेली की स्वतःहून बाटली घेऊन दारात उभे राहतात. समुद्रामुळे ताईंचे लोखंडी कपाट मात्र गंजले. खाऱ्या हवेने गंजलेले गोंदिया जिल्ह्यातले ते पहिलेच कपाट असावे, आणि भाऊजी ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. ताई एवढेच म्हणतात, "माह्या मायनं देल्लं होतं ते कपाट." पण रागाने म्हणत नाहीत, याचे मला नवल वाटायचे.

हा माणूस समुद्र सोडून कुठे जात नाही. तिरोड्याला पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना ते मांडवाबाहेर जाऊन फोनवर शेजाऱ्यांना टाकीची डिग्री विचारत होते. एकदा आम्ही त्यांना ओढून नागझिऱ्याला नेले. नशीब असे की जिप्सीसमोर, रस्त्याच्या मधोमध, वाघ येऊन बसला. गाईड श्वास रोखून, आम्ही श्वास रोखून, आणि भाऊजी मागच्या सीटवर उभे राहून हात उंच करून मोबाइलला रेंज शोधत होते. "भाऊजी, वाघ!" मी कुजबुजलो. "वाघाले पाहायले सरकारचे मानसं आहेत," ते म्हणाले. "माह्या मॅडमले पाहायले कोन आहे?"

पण त्यांच्या साऱ्या नियमांत एक नियम मोठा होता, तो तांब्याचा. पहिला समुद्र त्यांनी घरच्या कूलरचा जुना पंप लावून सुरू केला होता. थोड्याच दिवसांत त्यातले जिवंत शंख उलटे पडले, पोवळी वितळल्यासारखी झाली. पंपातली तार उघडी पडली होती आणि तांबे पाण्यात उतरले होते. माशाला एक वेळ थोडे चालते, पण पोवळ्याला, शंखाला तांबे म्हणजे विष. ज्या तांब्यावर भाऊजींचे घर चालले होते त्याच तांब्याने त्यांचा समुद्र मारला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग नवी टाकी, नवे पाणी, आणि नवे सोवळे सुरू झाले. दुकानातून आले की अंगणातच कपडे बदलायचे, कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे, मगच घरात पाऊल. लग्नातला तांब्याचा लोटा माळ्यावर गेला. मला एका ज्योतिषाने तांब्याची अंगठी दिली होती. ती घालून मी एकदा टाकीकडे नुसते बोट दाखवले, तर भाऊजींनी माझे मनगट असे धरले की मला वाटले आता पोलीस येतील. पाण्यात कोणी बोट घालणे तर दूरच. एका पाहुण्याच्या पोराने घातले, ते पाहुणे पुन्हा आले नाहीत.

आता कारण सांगतो. तिरोड्याकडच्या एका खेड्यात आमच्या सासूबाई राहतात, भाऊजींच्या आणि माझ्या. ताई लहान असताना एकदा तापाने इतक्या फणफणल्या की डोळे फिरवले. पावसाचे दिवस, रस्ता पाण्याखाली, दवाखाना दूर. सासूबाईंनी पुरीच्या जगन्नाथाला हात जोडले, की माझी लेक वाचव, तुझ्या समुद्राला भेट घेऊन येईन. लेक वाचली. नवस राहिला. एका वर्षी रोवणी आली, एका वर्षी कापणी, एका वर्षी धाकटीचे, म्हणजे माझ्याच बायकोचे, लग्न. मग सासरे गेले. मग सासूबाईंचे गुडघे गेले. आता त्यांना अंगणातून ओट्यावर यायचे तरी दोन माणसे लागतात. "देवाचं देनं अंगावर ठेवून चालली मी," असे त्या दर सणाला म्हणायच्या आणि आम्ही सगळे खाली मान घालून पुरणपोळी खायचो. आम्ही मान खाली घालत होतो तेव्हा भाऊजी विचार करत होते. "आईले समुद्रापर्यंत जाता येत नाही ना?" ते एकदा ताईंना म्हणाले होते. "मंग समुद्राले यायले काय झालं?" हे मला ताईंनी सांगितले तेव्हा कपाटाच्या गंजाबद्दल त्या का रागवत नव्हत्या ते माझ्या लक्षात आले.

तेव्हा खरा प्रश्न एवढाच होता, की सासूबाई येईपर्यंत समुद्र जगतो का. त्या दर फोनला विचारायच्या, "समुद्र बरा हाय का जी, जावईबापू?" आणि भाऊजी मॅडमपासून किरायदारापर्यंत सगळ्यांची खुशाली सांगायचे. दोन उन्हाळे निघाले. पोवळी धरली, मुठींचा झुपका दुप्पट झाला. मग थंडी पडल्यावर एक दिवस त्यांचा मला फोन आला, "साडभाऊ, समुद्र तयार आहे. गाडी काढा, आईले घेऊन या."

मी सासूबाईंना आणले. त्या घरून आंघोळ करून, नवे लुगडे नेसून निघाल्या होत्या. दारात त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या आणि ताईंच्या खांद्यावर भार टाकत टाकीसमोरच्या खुर्चीवर बसल्या. झुपक्यातल्या मुठींवर त्यांची नजर गेली. निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. "लेकरू झोपेत मूठ उघडते तसंच व," त्या ताईंना म्हणाल्या. मग ताईंचा हात धरून उभ्या राहिल्या, सरळ पाण्यात बोट बुडवले आणि जिभेला लावले. मी भाऊजींकडे पाहिले. त्यांनी सासूबाईंच्या मागे खुर्ची सरकवून धरली. "खारट हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. "खराच समुद्र हाय."

आणि मग त्यांनी कमरेची कनवट सोडली. तीतून काळ्या दोऱ्यात ओवलेला एक भोकाचा पैसा काढला, जुन्या काळचा, तांब्याचा. ताई आजारी पडल्या त्या दिवशी काढून ठेवलेला. हीच ती भेट, इतकी वर्षे जपलेली. आपल्याकडे गाडी नदीच्या पुलावर आली की कोणीही खिडकीतून पैसा टाकतो. इथे तर प्रत्यक्ष समुद्र होता. त्यांनी तो कपाळाला लावला आणि कोणाला काही कळायच्या आत पाण्यात सोडला. तो डुलत डुलत खाली गेला आणि मुठींच्या झुपक्याशेजारी जाऊन पडला.

भाऊजींचा हात अर्धा वर उठला होता. तो तसाच खाली आला. सासूबाईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि देवाशी बोलायला सुरुवात केली. किती वर्षांचे बोलणे साचले होते! आधी माफी मागितली. मग लेकींची नावे घेतली, जावयांची घेतली, नातवंडांची घेतली, त्यांच्या परीक्षांची, बैलाच्या पायाची, बांधावरून भांडलेल्या दिराचीही. तिकडे तळाला तो पैसा पडलेला, इकडे भाऊजी काचेला नाक लावून उभे, चेहरा पांढराफटक, आणि नावे काही संपेनात. "बांधावरच्या आंब्याले मोहोर येऊ दे," इथपर्यंत आले तेव्हा भाऊजींनी डोळे मिटून घेतले. शेवटी सासूबाईंनी "आता मी मोकळी झाली" असे म्हटले, आणि ताईंनी त्यांना जेवायला आत नेले. दुसऱ्या क्षणाला भाऊजींची बाही वर गेली, लांब चिमटा पाण्यात गेला, दोऱ्याला धरून पैसा वर आला. मग आम्ही दोघांनी मिळून बादल्या बादल्या पाणी बदलले. आतून जेवणाचा आवाज येत होता आणि आम्ही चोरांसारखे फरशी पुसत होतो.

"थांबवलं काऊन नाही?" मी विचारले. ते ओल्या हाताने कपाळ पुसत म्हणाले, "साडभाऊ, त्या नवसावर माही बायको वाचली आहे. हात जोडलेल्या मानसाले 'थांबा, इन्फेक्शन होईन' म्हनू का?" इन्फेक्शन हा शब्द तिथे बरोबर नव्हता, पण मी मराठीचा मास्तर असूनही तो सुधारला नाही. मला त्या क्षणी त्यांचा फार हेवा वाटला.

एक शंख गेला. कदाचित तो वयानेही गेला असेल. मुठींचा झुपका मिटला तो मिटलाच राहिला, आणि भाऊजी दुकान बंद करून त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. त्याला ते दम देईनात. मग एका सकाळी एक मूठ उघडली, आणि त्यांनी मला शाळेत, तासाला, फोन करून सांगितले. मी वर्गाला सुट्टी दिली असती, पण कारण काय लिहावे ते सुचले नाही.

सासूबाईंनी जाताना विचारले होते, "माहा पैसा कुठं दिसत नाही जी?" तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "समुद्रानं घेतला, आई." त्या हसून गेल्या. पण भाऊजींना ते पचेना. पैसा देवघरात एका काचेच्या ग्लासात ठेवला होता, आणि त्याच्यासमोरून जाताना हा माणूस नजर चुकवायचा. अर्धी डिग्री इकडची तिकडे झालेली ज्याला सहन होत नाही, त्याला हे कसे सहन व्हावे? वर्षभर त्यांनी काढले. पुढच्या थंडीत त्यांनी सासूबाईंना गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी कुडव्याला आणून ठेवले, माझ्या हातात थर्मामीटर आणि खारटपणाची नळी दिली, दहा वेळा दारातून परत येऊन मॅडमला पाहिले, आणि ताईंना घेऊन गाडीत बसले. सासूबाईंना सांगितले, लग्नाला चाललो. टाकी आणल्यापासून ते पहिल्यांदाच घराबाहेर झोपणार होते.

मी आणि सासूबाई टाकीसमोर बसलो होतो तेव्हा त्यांचा फोन आला. मागे कसला तरी प्रचंड आवाज होता. "साडभाऊ," ते ओरडून बोलत होते, "पोचलो. काय सांगू तुमाले, एवढं पानी आहे, एवढं पानी, अन् एक पंखा लावला नाही कोनी!" मग जरा थांबले. "तिनं आपल्या हातानं टाकला पैसा. आता नुसती उभी आहे पान्यात." आणि मग म्हणाले, "फोन टाकीजवळ धरा. आईले काही सांगू नका."

मी आवाज मोठा करून फोन टाकीच्या कडेला धरला. लाट यायची, फुटायची, मागे सरायची. खोली त्या आवाजाने भरून गेली. सासूबाईंनी मान वर केली. फोनकडे त्यांचे लक्षच नव्हते, त्या काचेकडे पाहत होत्या. आत झुपका मुठी उघडत होता, मिटत होता. "आज समुद्र बोलून राहिला व माय," त्या पुटपुटल्या, आणि पदर डोक्यावर ओढून हात जोडले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, "जावईबापू, माहा पैसा पोचला असन ना जी?"

"पोचला, आई," मी म्हणालो. "आताच पोचला."

फोन अजून चालू होता. लाटांमधून भाऊजी तिकडून सारखे विचारत होते, "डिग्री किती झाली? साडभाऊ, डिग्री किती?" मी थर्मामीटर डोळ्यांजवळ नेला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पण मला काही केल्या तो आकडा दिसेना.